गुंडूला घरी ठेव

हुलीकट्टी, ता. चंदगड
१८ जून २०२४

तम्मा प्रभुलिंग,

तुझ्या अक्काचे तुला आणि भूमिकाला शरणार्थ. फोनवर तू "अक्का, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि मी चिडून ठेवून देते. म्हणून कागद घेतला. कागदाला मीटिंग नसते.

तुझ्या कंपनीनं अंगणवाडीचे पत्रे बदलले, भिंती रंगवल्या, पोरांना लाल-पिवळ्या खुर्च्या आल्या. दारावर पाटी लागली. वर जिल्हा परिषदेचं नाव, खाली कंपनीचं, मधे मोठ्या अक्षरात 'दत्तक अंगणवाडी'. गावातली माणसं विचारतात, "रत्नव्वा, पोरांचं आईबाप मेलं व्हय, दत्तक द्यायला?" मी हसून सोडून देते. आपल्याकडच्या पावसात पोरं कोरड्या जागी बसलीत, ती तुझ्यामुळं. ते मी चारचौघांत सांगते.

पण परवा तुमची शिक्षिका आली. प्रियदर्शनी कांबळे, कागलकडची. पोरगी तिशीच्या आतली, बोलायला नीट. तिनं मला करार वाचून दाखवला. यापुढं शिकवायचं तिनं. मी वजनं घ्यायची, आहार बघायचा, घरोघरी फिरायचं. म्हणजे आई गेल्यावर तुला इथं आणला, तेव्हा ज्या फळ्यावर तुला 'अ' काढायला शिकवला, त्या फळ्यापुढं आता मी उभं राहायचं न्हाय.

तिला गावात खोली मिळाली न्हाय. आडनाव ऐकलं की खोली भरलेली असते. मीही मधे पडले न्हाय. अंगणवाडीच्या मागच्या कोठीत तिनं बिऱ्हाड मांडलंय.

हे काम वाटून घ्यायचं तुला आधीपासून ठाऊक होतं काय? एवढंच लिही.

तुझी अक्का
रत्नव्वा

*

कागल
२ जुलै २०२४

ती. अक्का,

शरणार्थ. होय, ठाऊक होतं.

सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि पत्रे अजून गळत राहिले असते. इमारत आणि सेविका सरकारची, शिक्षिका आणि साहित्य कंपनीचं, लक्ष दोघांनी ठेवायचं, असा तीन वर्षांचा करार आहे. दर मार्चला कंपनी आढावा घेते. पटलं नाही तर दुसरं गाव धरते. आपल्या तालुक्यातली कितीतरी गावं रांगेत होती. हुलीकट्टी मी लावून धरलं. आमचे पाटणे साहेब म्हणालेसुद्धा, "बहिणीचं गाव म्हणून आग्रह करतोयस का रे?"

तुझा मान गेला असं समजू नकोस. तिला सांभाळून घे. पंधरा ऑगस्टला साहेब स्वतः झेंड्याला येणार आहेत, कॅमेरेवाले घेऊन. पोरांकडून एक इंग्रजी गाणं बसवून घ्यायला तिला सांगितलंय. तो दिवस नीट पार पडायला हवा. माझं इथलं जरा नाजूक आहे. भेटल्यावर बोलू.

तुझा
प्रभुलिंग

*

हुलीकट्टी
२९ जुलै २०२४

तम्मा,

सांभाळून घे म्हणालास. घेत होते. पण आता तुझी शिक्षिका डोक्यावर बसायला लागली.

काजूच्या कारखान्यात जाते ती शालूबाई तुला आठवते, कट्ट्याखालच्या घरातली. तिचा गुंडू, चार वर्षांचा. पोरगं गुणी, पण बोलत न्हाय. घरात सगळी कन्नड, म्हणून मराठीत बुजतंय असं मी धरून चालले होते. माझ्या पोराचंही तसंच झालं होतं, शाळेत गेल्यावर सुटला की.

गेल्या सोमवारी आहार वाटताना ही मला म्हणते, "ताई, गुंडूला ऐकू येत नाही असं वाटतंय."

"त्याला मराठी येत न्हाय," मी म्हटलं.

"मी बोलले नाही, ताई. त्याच्यामागं पातेलं आपटलं. सगळी पोरं दचकली. हा नाही."

"तंद्रीत असतंय ते. माझ्याकडं बघ." मी गुंडूसमोर गेले, कन्नडात "बा इल्ली" म्हणून जवळ बोलावलं, तो धावत मांडीवर आला. "आता बोल. बहिरं पोर येतंय व्हय असं?"

ती पुन्हा आहार वाटायला लागली. मला वाटलं संपलं. तर संध्याकाळी शालूबाईच्या घरी जाऊन तिनं तेच सांगितलं. शालूबाईच्या सासूनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाय, वर नाही नाही ते बोलली. दुसऱ्या दिवशी शालूबाई माझ्यापुढं रडत आली, "बाई, माझ्या पोराला खोट लावली."

मी दोन तपं या गावची पोरं वाढवतेय. ही परवा आली आणि पोराला बहिरं ठरवून मोकळी. दुसरी कुणीतरी द्या म्हणावं तुझ्या साहेबाला.

रत्नव्वा

*

कागल
६ ऑगस्ट २०२४

ती. अक्का,

तुझं पत्र मी पाटणे साहेबांना वाचून दाखवलं. रागावू नकोस, त्याचा उपयोगच झाला.

त्या कांबळे मॅडमनी आमच्याकडंही लिहून पाठवलंय की सगळ्या दत्तक अंगणवाड्यांतल्या पोरांचे कान कंपनीनं तपासून घ्यावेत. साहेब वैतागले. म्हणाले, "आपण शिक्षण दत्तक घेतलंय, दवाखाना नाही." त्यात सेविकेचीच तक्रार आल्यावर विषय मिटला. झेंडावंदन झालं की तिला दुसरीकडं पाठवतील. तुला हवं होतं ते झालं.

आता माझं एक काम कर. गुंडूला त्या दिवशी घरी ठेव. कॅमेरे असणार, साहेब एकेका पोराला नाव विचारणार. एखादं पोर हाकेला ओ देईना, तर तेच सगळ्यांच्या लक्षात राहतं. शालूबाईला काहीतरी सांग. ताप वाटतोय म्हण. एका दिवसाचा प्रश्न आहे.

प्रभुलिंग

*

हुलीकट्टी
१९ ऑगस्ट २०२४

प्रभुलिंग,

हे पत्र तुझ्या साहेबांना वाचून दाखवायचं न्हाय. तू तिथं होतास, पण तू झेंड्याच्या बाजूला होतास. मी बघितलं ते तू बघितलं नाहीस.

तू सांगितलंस तसं मी शालूबाईला सांगितलं. तिनं मान डोलावली आणि कामाला गेली. पोर आजीजवळ. सगळी पोरं नव्या कपड्यांत अंगणवाडीकडं जाताना त्यानं बघितली असणार. आजीचा डोळा चुकवून तोही आला. पावसाची भुरभुर होती. तुमचं भाषण चालू होतं. कॅमेरेवाल्यांना साहेबांची गाडी चित्रात नको होती, म्हणून ड्रायव्हर ती मागं घेत होता, उताराकडं. गुंडू गाडीच्या मागं खाली बसून चिखलातला कागदी झेंडा उचलत होता.

ड्रायव्हरला तो दिसला न्हाय. दिसला तो मला, दारातून. मी ओरडले, "गुंडू, बाजूला सर! गुंडू!" बाया ओरडल्या. कुणीतरी बोनेटवर हात आपटला, ड्रायव्हरला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं हॉर्नच दाबून धरला आणि गाडी तशीच मागं. तम्मा, त्या पोरानं मान वर केली न्हाय. झेंड्याची काडी सरळ करत बसलं होतं.

प्रियदर्शनी पोरांची रांग सोडून पळाली. तिनं त्याला ढकललं आणि स्वतः पडली. मनगट गाडीच्या चाकाच्या आणि दगडाच्या मधे आलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

तुम्ही लोक धावत आलात. साहेबांनी पहिल्यांदा विचारलं ते मला पाठ आहे. "व्हिडिओ चालू होता का?"

रात्रभर मी एकच गोष्ट आठवत बसले. गुंडूला "बा इल्ली" म्हणताना मी दर वेळी हात पुढं करायची. तो माझा हात बघून यायचा.

तिला चंदगडला प्लास्टर घातलं. कोठीत एकटी कशी राहील, म्हणून माझ्या घरी आणलंय. आमच्या आत्तींनी सुरुवातीला तोंड फिरवलं, शेवटी सासूच ती. काल बघते तर तिची वेणी घालत बसल्या होत्या, एका हातानं तिला जमत न्हाय म्हणून.

माझी तक्रार मी मागं घेते. मी सांगितलं म्हणून तिची बदली लावलीस, आता मीच सांगते म्हणून थांबव.

रत्नव्वा

*

कागल
२६ ऑगस्ट २०२४

ती. अक्का,

बदली थांबवणं माझ्या हातात राहिलेलं नाही. गोष्ट वर गेली आहे.

सोबत एक कागद पाठवतोय. त्यावर तुझी सही हवी. त्यात इतकंच आहे की पोरांना सांभाळण्याची जबाबदारी शिक्षिकेची होती आणि तिनं रांग सोडल्यामुळं गोंधळ झाला. कंपनीच्या ड्रायव्हरवर काही येऊ नये म्हणून. तिच्या उपचाराचं कंपनी बघेल, तसं बोलणं झालंय.

तुला वाटेल प्रभ्या बदलला. अक्का, मी इथं कायम नाही. दर अकरा महिन्यांनी माझी नेमणूक नवी होते. दिवाळीनंतर कायम करण्याच्या यादीत पहिल्यांदाच माझं नाव आहे. भूमिकाला पाचवा महिना लागलाय, हे तुला तोंडानं सांगायचं होतं. साहेब स्पष्ट म्हणाले, "गाव तुझं, बहीण तुझी. हे तूच निस्तर."

कंपनीनं हात काढून घेतला तर अंगणवाडी पुन्हा होती तशी होईल. पंचवीस पोरांचं नुकसान करून तू एकीची बाजू घेणार का?

एक सही. विचार कर.

प्रभुलिंग

*

हुलीकट्टी
९ सप्टेंबर २०२४

तम्मा,

भूमिकाची बातमी वाचून आधी देवापुढं दिवा लावला. मग तुझा कागद वाचला. सही केली न्हाय. कागद परत पाठवलाय, बघून घे.

तिनं रांग सोडली हे खरं. सोडली नसती तर काय झालं असतं, ते त्या कागदात कुठं हाय?

गेल्या गुरुवारी शालूबाई, गुंडू, प्रियदर्शनी आणि मी कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात गेलो. पहाटेच्या एस.टी.नं. शालूबाई वाटभर म्हणत होती, "बाई, काय बी निघणार न्हाय बघा." डॉक्टरांनी त्याला झोपवून डोक्याला वायरी लावल्या. दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत न्हाय. जन्मापासून. डॉक्टर म्हणाले, वर्षा-दोन वर्षांपूर्वी आणायला हवं होतं, तरी वेळ गेलेली न्हाय, यंत्र लावून रोज बोलायला शिकवावं लागेल. शालूबाईनं माझ्याकडं बघितलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

परत येताना प्रियदर्शनीला मी म्हटलं, "तू मला बोल तरी."

ती म्हणाली, "ताई, तुमच्या मांडीवर तो येतो, माझ्याकडं येत नाही. त्याला शिकवायला मला तुम्ही लागणार. बोलून काय करू?"

तुझ्या घराच्या दारावरून गेलो. आत आले न्हाय. आले असते तर भूमिकासमोर भांडण झालं असतं.

घडलं तसं सगळं मी आमच्या पर्यवेक्षिकाबाईंना लिहून दिलंय. गुंडूला घरी ठेवायला कुणी सांगितलं, तेवढं लिहिलं न्हाय.

रत्नव्वा

*

कागल
३० सप्टेंबर २०२४

अक्का,

तू लिहून दिल्यामुळं बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी दहा ऑक्टोबरला चंदगडला बैठक लावली आहे. पाटणे साहेब येणार, मीही त्यांच्याबरोबर असणार. तुला आणि मॅडमना बोलावणं येईल.

हात जोडतो. विचारतील तेवढंच बोल.

प्रभुलिंग

*

हुलीकट्टी
१३ ऑक्टोबर २०२४

प्रभुलिंग,

तू समोरच होतास, तरी लिहिते. तुला ते माझ्या बाजूनं कसं दिसलं, हे कळायला हवं.

तुझे साहेब म्हणाले, शिक्षिकेचं लक्ष नव्हतं. प्रियदर्शनी म्हणाली, गुंडू त्या दिवशी हजेरीवरच नव्हता, रांगेत नव्हता, तो कुठं आहे हे मला कसं कळणार. तेव्हा अधिकारीबाईंनी मान वर केली. "रोज येणारं मूल नेमकं त्या दिवशी का नव्हतं?"

पंखा तेवढा कुरकुरत होता. मी तुझ्याकडं बघितलं. तूही माझ्याकडं बघितलंस. मी थांबले, तम्मा. मुद्दाम थांबले. पाणी प्यायले, पदर सारखा केला. तुला बोलायला जागा ठेवली.

"सेविका, तुम्हाला विचारतेय. कुणी सांगितलं होतं घरी ठेवायला?"

तू टेबलाकडं बघायला लागलास.

"मीच ठेवलं, बाई," मी म्हटलं. "ते बोलत न्हाय म्हणून."

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला शंका होती आणि तपासायला न नेता तुम्ही मूल लपवलंत." मी व्हय म्हटलं. बाहेर आल्यावर प्रियदर्शनीनं माझा हात धरला, मोडका नव्हता त्या हातानं. घरी ठेवायला तू सांगितलंस, हे तिला मी आधीच बोलले होते. शालूबाईला ठाऊक न्हाय, तिनं तर आता माझ्याकडं बघायचं सोडलंय.

मला नोटीस आलीय, कामावरून का काढू नये म्हणून. चौकशी होईतोवर दोघींनीही काम करायचं, असं ठरलंय. तिची बदली तेवढी थांबली.

आईनं जाताना तुझा हात माझ्या हातात दिला होता, म्हणून खोटं बोलले. एकदाच. आता पुन्हा पत्र पाठवू नकोस.

रत्नव्वा

*

कोल्हापूर
२१ जानेवारी २०२५

ती. अक्का,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवतोय. न वाचता फाडलंस तरी चालेल.

नोव्हेंबरात मला कायम केलं. साहेबांनी पेढे वाटले. माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांसमोर म्हणाले, "माणूस विश्वासाचा आहे." मी पेढा घरी आणला. भूमिकानं विचारलं, "अक्कांना कळवलं का?" तिला बैठकीचं काहीच ठाऊक नव्हतं. सांगायला बसलो आणि 'मी टेबलाकडं बघत राहिलो' इथपर्यंत आलो, तशी ती उठून आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "आपलं मूल तसं निघालं, तर त्यालाही घरी ठेवायचं का हो?"

त्यानंतरही मी लगेच गेलो असं नाही. रोज उद्या म्हणत राहिलो. डिसेंबरच्या शेवटी एक दिवस रजा टाकून चंदगडला गेलो. अधिकारीबाईंच्या पुढं उभं राहून सांगितलं की पोराला घरी ठेवायला मी सांगितलं होतं, आणि मला ते सुचलं होतं, साहेबांना नाही. तेही खरंच आहे अक्का. त्यांना फक्त दिवस चांगला हवा होता. बाकीचं मी माझ्या डोक्यानं केलं. बाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं तुमचं नाव का घेतलं नाही?" त्यांनी पाणी दिलं.

कंपनीत हे कळायला वेळ लागला नाही. मला काढलं नाही, राजीनामा द्यायला सांगितलं. आता शिरोळीला एका फाउंड्रीत माल पाठवण्याच्या विभागात लागलोय. आवाज फार असतो. सवय होईल.

कंपनी मार्चनंतर हुलीकट्टीत राहणार नाही, दुसरं गाव बघितलंय. मॅडमचा पगार तोवरच. हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

तुझ्या नोटिशीचं काय झालं? गुंडूला यंत्र मिळालं का? मुलगी झाली, चार जानेवारीला. दवाखान्यात पहिल्यांदा मी तिचे कान तपासून घेतले.

प्रभुलिंग

*

हुलीकट्टी
२४ फेब्रुवारी २०२५

तम्मा,

फाडलं न्हाय. आत्तींनी मोठ्यानं वाचायला लावलं, मग त्या देवापुढं जाऊन बसल्या. बाळंतिणीला डिंकाचे लाडू केलेत. कुणी येणारं मिळालं की पाठवते.

माझी नोटीस मागं घेतली. पण समज दिलीय, लेखी. ती मला मान्य हाय. तुझं नाव तिथं निघालं म्हणून माझी चूक गेली न्हाय. पोर माझ्याकडं दीड वर्ष येत होतं.

गुंडूला यंत्र मिळालं, सरकारी योजनेतून. पहिले दिवस वाईट गेले. सगळा आवाज एकदम डोक्यात घुसायचा की काय, पातेल्याच्या आवाजाला किंचाळायचा, यंत्र काढून फेकायचा. एकदा तांदळाच्या डब्यात सापडलं. सासू म्हणायची, पोराचा छळ चाललाय, सोडा. शालूबाई ऐकेना. काजूचं काम सोडून ती दुपारपर्यंत अंगणवाडीत बसायला लागली. मी त्याला मांडीवर घेते, प्रियदर्शनी समोर बसून ओठ दाखवते. तिला कन्नड येत न्हाय, म्हणून शब्द मी सांगते आणि तो कसा शिकवायचा ते ती सांगते. माझे उच्चारही दुरुस्त करते, आणि मी तिच्यावर वैतागते. पोरांना मजा वाटते.

पाटी पुढच्या महिन्यात निघेल. निघू दे, पत्रे तर नेत न्हाईत. पण ती कशी राहणार हे माहीत न्हाय. ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय, जिल्हा परिषदेला दिलाय. सरपंच "बघू की" म्हणतात. अधिकारीबाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाशी करार होतो का ते बघते. मी म्हटलं, "बाई, या वेळी करारात पोरांचे कान लिहा." त्या हसल्या न्हाईत, लिहून घेतलं. तेवढ्यावर मी काही आशा धरत न्हाय. गावात तिला खोली मात्र मिळाली. आमचीच मागची.

परवा सकाळी शालूबाई पोराला अंगणवाडीत सोडून पाणी आणायला निघाली. दारातच गुंडूनं तिचं लुगडं धरलं आणि आवाज काढला. शालूबाईच्या हातातली घागर खाली आली. "बाई, अव्वा म्हणाला! ऐकलंसा न्हवं? मला अव्वा म्हणाला, आई म्हणाला!"

गेल्या सप्टेंबरपासून ती माझ्याशी धड बोलली नव्हती. माझा दंड धरून हलवत होती. प्रियदर्शनीनं माझ्याकडं बघितलं. आम्हा दोघींना नुसती एक ओरड ऐकू आली होती, त्यात शब्द कुठला न्हवता.

"व्हय," मी म्हटलं, "मी बी ऐकलं."

बाळाला घेऊन या.

तुझी अक्का
रत्नव्वा